गल्लीतलं पार्किंग: निवेदनाआधी रात्री दोनची मोजणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एरंडवण्याला मेट्रो स्थानकापासून चालत पाच मिनिटांवरची एक गल्ली. चार सोसायट्या, तीन जुने बंगले, एक दवाखाना आणि कोपऱ्यावर अभ्यासिका. सकाळी नऊनंतर बाहेरच्या गाड्या येऊन लागतात, त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. वाहतूक पोलिसांनी पी-वन पी-टू (विषम तारखेला एका बाजूला पार्किंग, सम तारखेला दुसऱ्या) करण्याचा तात्पुरता आदेश काढून हरकती-सूचना मागवल्या आहेत. निम्म्या रहिवाशांना तो हवा आहे, निम्मे म्हणतात ‘फक्त रहिवाशांसाठी राखीव’ असा बोर्ड लावून द्या. दोनशे सह्यांचं निवेदन तयार आहे. ते कुणाला द्यायचं, त्यानं काही होईल का, की सरळ कोर्टात जायचं?

निवेदन सध्या कपाटात ठेवा. हरकतींची मुदत मात्र आजच बघून घ्या. ती संपत आली असेल तर चार ओळींचा अर्ज द्या: गल्लीची पाहणी चालू आहे, सविस्तर म्हणणं लवकरच सादर करतो, तोवर अंतिम आदेश काढू नये. पोच घ्या, तारखेचा शिक्का नीट उमटलाय ना बघा. आता वेळ मिळाला. त्या वेळात मोजणी करा.

वाहतूक नियोजनात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या अशा बऱ्याच भांडणांत कधी बोलावल्यावर, कधी न बोलावता जाऊन बसलो. प्रत्येक गल्ली पहिल्या बैठकीत एकच गोष्ट सांगते: गाड्या बाहेरच्यांच्या आहेत. मोजल्यावर बहुतेक ठिकाणी असं निघतं की रात्री दोन वाजता, एकही बाहेरचा माणूस नसताना, रस्ता निम्म्याहून अधिक भरलेला असतो. तुमच्या गल्लीत काय निघेल ते मला माहीत नाही, पण ते माहीत नसताना पोलिसांसमोर बसू नका. समोरच्या निरीक्षकानं एका रात्री गस्तीच्या गाडीतून चक्कर मारली की त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल.

मोजणी अशी करायची. एक आडवा कागद घ्या, मधोमध रस्ता काढा, दोन्ही बाजूंची फाटकं दाखवा. एका फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंतचा प्रत्येक तुकडा मोजपट्टीनं मोजून त्याला क्रमांक द्या. मग बुधवारी किंवा गुरुवारी, लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी, तीन वेळा फिरायचं: रात्री दोन, सकाळी अकरा, संध्याकाळी सात. प्रत्येक तुकड्यात उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहायचे, दुचाकी वेगळ्या. दोघं जण पुरतात, एकानं वाचायचं आणि एकानं लिहायचं. रात्री वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तोच शिट्टी वाजवेल.

आता कागद बोलायला लागतो. दोनला आणि अकरालाही त्याच जागी असलेली गाडी न हलणारी. ती रोज न वापरणाऱ्या रहिवाशाची असेल, परदेशी गेलेल्या मुलाची असेल, जवळच्या गॅरेजवाल्याची असेल किंवा चारही टायर बसलेली बेवारस असेल. दोनला आहे, अकराला नाही, ती कामावर जाणाऱ्या रहिवाशाची. अकराला आहे आणि दोनला नव्हती, ती बाहेरची, आणि सातला गेलेली असेल तर बहुधा मेट्रोनं किंवा कचेरीला जाणाऱ्याची. सातला नव्यानं दिसणारी दवाखाना, क्लास, हॉटेल यांची. ही चार माणसं वेगळी आहेत आणि चौघांवर इलाज वेगळा आहे. ‘बाहेरच्या गाड्या’ या एका नावाखाली चौघांना घातलं की कुठलाच इलाज लागू पडत नाही.

दुसरं गणित रुंदीचं. नकाशावर ९ मीटरचा रस्ता म्हणजे फूटपाथ, झाडांचे आळे आणि विजेच्या पेट्या धरून ९ मीटर. प्रत्यक्ष डांबर अनेकदा सहा-साडेसहा मीटरच असतं. उभी मोटार आरशांसकट दोन मीटर घेते. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये दोन-अडीच मीटर उरतात, आणि अग्निशमनाचा बंब काही तेवढ्यातून जात नाही. एका बाजूला लावल्या तर चार, साडेचार मीटर मिळतात. लांबीचंही तसंच. समजा गल्ली दीडशे मीटरची आहे. एका बाजूला नऊ फाटकं, प्रत्येकी पाच मीटर मोकळे हवेत, म्हणजे ४५ गेले. दोन्ही टोकांना वळणासाठी दहा-दहा सोडले, उरले ८५. एका मोटारीला साडेपाच मीटर धरले तर पंधरा गाड्या. पंधराच. पहिल्या बैठकीत हा आकडा सांगितला की खोली शांत होते, कारण तिथे बसलेल्यांच्याच रस्त्यावर लागणाऱ्या गाड्या पंचवीस असतात.

म्हणून पुढचा प्रश्न सोसायट्यांच्या आत बघण्याचा, आणि तो विचारणाऱ्याला पहिले काही दिवस कुणी चहाला बोलवत नाही. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, किती गाड्यांची जागा मंजूर आहे आणि किती लागतात? मंजूर नकाशाची प्रत सेक्रेटरीकडे असते, नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागातून मिळते. माझ्या पाहण्यात स्टिल्टमध्ये जाळी लावून केलेल्या खोल्या आहेत, जुने सोफे आहेत, इस्त्रीवाल्याचं टेबल आहे, ‘पार्किंग माझ्या नावावर आहे’ म्हणून गाडी नसताना साखळी लावून अडवलेल्या जागा आहेत. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्पष्ट केलं. त्या निकालाप्रमाणे ती सोसायटीची सामाईक जागा आहे आणि तिचं वाटप सोसायटीनं उपविधींप्रमाणे करायचं, जागा कमी असेल तर चिठ्ठ्या टाकून. साखळी काढून दोन जागा मोकळ्या झाल्या तर तेवढ्या दोन गाड्या रस्त्यावरून आत गेल्या, आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. चार सोसायट्यांनी मिळून आठ-दहा गाड्या आत घेतल्याचं पत्र निवेदनाला जोडलं तर त्याचं वजन दोनशे सह्यांपेक्षा जास्त. कारण साधं आहे: पुण्यात सगळे मागायला येतात, आधी स्वतः काही केलेलं कुणी येत नाही.

आता सही कोणाची लागते ते. रस्ता महापालिकेचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे सार्वजनिक रस्ते तिच्याकडे निहित असतात. पण त्यावर गाडी कुठे, किती वेळ उभी करायची हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली ठरतं. कलम ११५ मध्ये वाहनांवर निर्बंध घालण्याचा, ११६ मध्ये फलक लावण्याचा आणि ११७ मध्ये गाड्या थांबवण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार आहे. ११७ ची भाषा लक्षात ठेवा: जागा अमर्याद वेळेसाठी ठरवता येते किंवा ठरावीक वेळेसाठी, आणि ती स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायची. पुण्यात आदेश निघतो पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या सहीनं. बोर्ड, पट्टे, बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) हे काम महापालिकेचं. त्यामुळे एक अर्ज उपायुक्तांना, त्याची प्रत तुमच्या भागातल्या वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना, दुसरी क्षेत्रीय कार्यालयात आणि तिसरी महापालिकेच्या पथ विभागाला. एकाच ठिकाणी दिलेला अर्ज ‘हे आमच्याकडे येत नाही’ या एका वाक्यावर सहा महिने निवांत झोपतो.

पी-वन पी-टू बद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो: राहत्या गल्लीला ते मानवत नाही. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावर ठीक आहे. तिथे गाड्या दिवसा येतात, रात्री जातात, आणि विषम तारखेला एका बाजूच्या दुकानदाराला त्रास, सम तारखेला दुसऱ्या बाजूच्या, अशी समान वाटणी होते. राहत्या गल्लीत गाडी रात्री उभी असते आणि तारीख रात्री बारा वाजता बदलते. म्हणजे दहाला जेवून झोपलेल्या माणसाची गाडी बारा वाजून एक मिनिटानं चुकीच्या बाजूला. तो काही रात्री पायजम्यात खाली उतरून गाडी हलवत नाही. सकाळी उठेपर्यंत दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी लावलेली असते आणि रस्ता दोन्हीकडून भरतो, म्हणजे आदेश ज्यासाठी काढला तेच होत नाही. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, त्या दिवशी कुणीच हलवायचं नसतं, पण काही जण हलवतात आणि त्यांच्यावर ई-चलन येतं. गावाला गेलेला माणूस, एकट्या राहणाऱ्या आजी, बाळंतपणाला आलेली मुलगी, सगळ्यांना हा रोजचा जाच. त्याऐवजी कायमची एक बाजू नो पार्किंग आणि दुसऱ्या बाजूला पट्टे आखलेली जागा हे सरळ आहे, समजायला सोपं आहे आणि बंबाला वाट ठेवतं. कुठली बाजू, यावर भांडण होईल. ज्या बाजूला फाटकं जास्त ती नो पार्किंग करा, कारण तिथे तशाही गाड्या कमीच बसतात.

‘फक्त रहिवाशांसाठी राखीव’ ही मागणी मला समजते, पण ती आज तशी करू नका. घरासमोरचा रस्ता घराचा नसतो. सोसायटीनं स्वतः लावलेल्या बोर्डाला कायद्यानं काही किंमत नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या माननीयांनी स्वतःच्या फोटोसकट लावून दिलेल्या बोर्डालाही नाही. सिमेंट भरलेले डबे, कुंड्या, दोरी बांधलेल्या खुर्च्या हा रस्त्यावरचा अडथळा ठरतो. तक्रार आली तर अतिक्रमण विभाग आधी तुमचे डबे उचलेल. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही आपल्या शहराची लाडकी पाटी. वाचायला मजा येते, पण खरंच हवा सोडलीत तर भारतीय न्याय संहितेत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणं हा गुन्हा आहे, आणि पाटी हा तुमचा लेखी कबुलीजबाब.

रहिवासी परवाना ही रीतसर योजना जगात आहे आणि देशातही तिच्यावर विचार झालेला आहे. बंगळूरच्या २०२१ च्या धोरणात गाडीच्या आकाराप्रमाणे वर्षाला १,००० ते ५,००० रुपये अशी परवाना फी सुचवलेली होती. दिल्लीत लाजपतनगरच्या एका भागात निवासी वस्तीचं पार्किंग नियोजन प्रायोगिक म्हणून घेतलं गेलं. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे रोजचं आहे: कौन्सिल घरोघर पत्र पाठवून मत घेते, गल्लीगल्लीचे निकाल मांडते, मग क्षेत्र ठरवते. पण तिथेही परवान्याला पैसे पडतात, अनेक ठिकाणी जास्त प्रदूषण करणाऱ्या गाडीला जास्त, आणि परवाना असला म्हणजे जागा मिळेलच अशी हमी कुणी देत नाही. आपल्याकडे ‘राखीव’ म्हणताना मनात असतं ते फुकट, घरासमोर आणि कायमचं. त्या अटींवर ते कुठेच मिळत नाही.

पैशाचं नाव काढलं की पुण्यात काय होतं हे २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटलं होतं की पार्किंगच्या दरात जमिनीची किंमत दिसली पाहिजे. त्याच धाग्यानं महापालिकेनं पार्किंग धोरण आणलं, शहराचे विभाग पाडले, रस्त्यावरच्या गाडीला दर सुचवले, आणि रात्री रस्त्यावर लावण्यालाही शुल्क. शहर पेटलं. विरोधी पक्ष रस्त्यावर आले, महापालिकेत गोंधळ झाला, आणि मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेनं धोरण मंजूर केलं ते फक्त पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून. त्यानंतर हा विषय वेळोवेळी वर आला आणि वेळोवेळी मागे पडला. त्याच सुमाराला बातमी होती की शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास. मला विचाराल तर ते धोरण पडलं ते दरामुळे नाही. ते एकदम अख्ख्या शहरावर आलं, कुठल्याही गल्लीनं मागितलेलं नसताना. उलटं, एका गल्लीनं स्वतः मोजून स्वतः मागितलेलं नियंत्रण हाणून पाडायला कुणी मोर्चा काढत नाही. तुमची खरी ताकद तिथे आहे.

मग मागायचं काय? तुमचा त्रास मेट्रोच्या प्रवाशांचा असेल (मोजणीत अकराची रांग लांब निघाली तर आहेच), तर दिवसातला एक तास मागा. वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग मार्च २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून नळ स्टॉप, आयडियल कॉलनी, आनंदनगरच्या आसपासच्या गल्ल्या हेच सांगताहेत: लोक स्थानकापर्यंत दुचाकी-मोटारीनं येतात, तिथे जागा नाही, मग आमच्या दारात लावतात. अशा माणसाला हटवायला दिवसभराचं नो पार्किंग लागत नाही. पार्किंगच्या बाजूला सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ गाडी उभी करायला मनाई ठेवली की सकाळी नऊला लावून संध्याकाळी सातला परत येणाऱ्याची पंचाईत होते. तो दुसऱ्या दिवशी बस पकडतो किंवा चालत येतो. लंडनमध्ये काही स्थानकांजवळच्या वस्त्यांत नेमकं हेच करतात, नियंत्रण दिवसातून तासभरच. दवाखान्यात आलेला पेशंट दहाला येऊन पावणेअकराला जाऊ शकतो. रात्री रहिवाशांना मोकळं. आणि पोलिसांच्या दृष्टीनंही हे परवडतं, कारण टोइंगची गाडी दिवसभर फिरवायची नाही, त्या तासात एक फेरी मारायची.

यात एक अडचण आहे आणि ती तुम्हीच बैठकीत आधी सांगा, दुसऱ्यानं काढण्याआधी. जी गाडी दिवसभर गल्लीतच उभी असते, ती रहिवाशाची असली तरी त्या तासात उचलली जाईल. न हलणाऱ्या गाड्यांची यादी तुमच्याकडे आहेच. त्यांच्यासाठी आतली जागा काढावी लागेल: साखळ्या, जाळ्या, पाहुण्यांची जागा. शेजारी मंगल कार्यालय किंवा शाळा असेल तर त्यांच्या पटांगणात भाड्यानं लावता येतात का विचारा. काही जणांना दुसरी गाडी ठेवायची की नाही याचा हिशेब करावा लागेल. त्यातले एक-दोघे तुमच्यावर रागावतील, आणि ते नेमके सोसायटीचे चेअरमन असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका सुनावणीत म्हटलं होतं की पार्किंगची जागा नसताना एका कुटुंबाला चार-पाच गाड्या ठेवू देऊ नयेत. हे चेअरमनना तुम्ही सांगू नका, कात्रण कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकेलच.

आता बाकीच्यांचं. गल्लीत ज्यांच्याकडे मोटारच नाही ते बैठकीला येत नाहीत, आणि ते निम्मे तरी असतात. त्यांच्या दारात जा. फूटपाथवर दुचाक्या चढलेल्या असल्यामुळे रस्त्यातून चालणाऱ्या आजी, शाळेच्या बसला कोपऱ्यावर थांबणारी आई, कचरा गोळा करणाऱ्या ताई, घंटागाडीचा चालक. चालकाला विचारा गाडी कुठे अडकते. तो बोट दाखवून जागा सांगेल आणि तुमच्या नकाशावरचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच असेल. फूटपाथवर, चौकाच्या तोंडाशी, दुसऱ्याची वाट अडेल अशी गाडी लावायला २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांनी आधीच मनाई केलेली आहे. त्यासाठी नवा आदेश लागत नाही, फक्त कारवाई लागते. म्हणून अर्जात ही मागणी पहिली लिहा: दोन्ही कोपरे मोकळे, फूटपाथ मोकळा. ती मान्य करायला अधिकाऱ्याला काहीच धोका नाही, आणि पहिली मागणी मान्य झालेला अर्ज पुढे वाचला जातो.

दवाखान्याच्या डॉक्टरांना आणि अभ्यासिकेच्या मालकाला शत्रू करू नका. अभ्यासिकेत येणारी मुलं सायकल-दुचाकीवाली, बाहेरगावची, सदाशिव पेठेत जागा परवडत नाही म्हणून इकडे आलेली. त्यांच्या पंचवीस दुचाक्या एका ओळीत तिरक्या लावायला पट्टे मारले तर तीन-चार मोटारींच्या जागेत बसतात. न मारले तर अख्खी गल्ली अडते. हे मालकाला पटतं, कारण रोजच्या शिव्या तोच खातो.

आणि शेजारच्या दोन गल्ल्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. तुमच्याकडून हटलेल्या गाड्या हवेत विरत नाहीत, पुढच्या गल्लीत जातात. त्यांना कळवलं नाही तर तुमच्या आदेशावर पहिली हरकत त्यांचीच येईल, आणि ती योग्य असेल. तीन गल्ल्यांची एकत्र मोजणी, एकत्र नकाशा, एकत्र मागणी. काम तिप्पट होत नाही, दीडपट होतं. अधिकाऱ्यांनाही तीन आदेशांपेक्षा एक बरा.

सह्यांबद्दल. एकाच मजकुराखालच्या दोनशे सह्या फाइलमध्ये ‘एक निवेदन’ म्हणून नोंदल्या जातात. त्याऐवजी वीस घरांनी वीस वेगळे अर्ज द्यावेत, प्रत्येकात एक वेगळी गोष्ट: कुणाच्या घरी रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबली आणि स्ट्रेचर चालत आणावा लागला, कुणाच्या फाटकासमोर किती वेळा गाडी होती, कुणाची व्हीलचेअर फूटपाथवरून जाऊ शकत नाही. तारीख, वेळ, जागा. मोजणीचा तक्ता आणि हातानं काढलेला नकाशा सगळ्यांना सारखाच जोडा. पोलिसांना द्यायच्या कागदात गाड्यांचे नंबर असू द्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर ते टाकू नका. शेजाऱ्याच्या गाडीचा फोटो गटावर फिरला की विषय पार्किंगचा राहत नाही, घराण्याचा होतो.

एक अर्ज माहिती अधिकाराखाली टाकून ठेवा, दहा रुपयांचा. तुमच्या गल्लीत आणि आसपास आज जे नो पार्किंगचे बोर्ड आहेत त्यांच्यामागे कुठला आदेश आहे, त्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. एखाद्या बोर्डामागे काहीच आदेश नसतो, आणि एखादा जुना आदेश असा निघतो की ज्याचा बोर्ड रस्ता खोदताना गेला आणि परत लागलाच नाही. दुसऱ्या प्रकारचा सापडला तर निम्मं काम झालं. नवा आदेश मागण्याऐवजी जुना बोर्ड परत लावून मागा.

पट्टे, बोलार्ड, फूटपाथची दुरुस्ती यांसाठी महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात काम सुचवता येतं. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयात घेतात. या वाटेनं जाणारी माणसं कमी, त्यामुळे गर्दी नाही. नगरसेवकांना जरूर भेटा, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं इथे प्रशासकच होते, आणि त्या काळातही ज्या गल्ल्यांचे कागद नीट होते त्यांची कामं सरकली. शिवाय नगरसेवकाची अडचण समजून घ्या: रस्त्यावर गाडी लावणारा रहिवासी त्यांचा मतदार आहे, मेट्रोला येणारा नाही. त्यामुळे ते नेहमी बाहेरच्याविरुद्ध बोलतील आणि स्टिल्टमधल्या साखळीबद्दल गप्प बसतील. ते बोलणं तुमच्यावर आहे.

आदेश निघाला की आठवडाभरात बोर्ड लागेल अशी आशा ठेवू नका. बोर्ड लागला तरी पट्टे नसतील तर निम्मे लोक ‘मला दिसलं नाही’ म्हणतील, आणि खरंच दिसलेलं नसेल. पहिले पंधरा दिवस कारवाईऐवजी गाड्यांवर सूचना लावायची विनंती निरीक्षकांना करा. चिठ्ठ्या तुम्ही छापून द्या, लावायला त्यांचा अंमलदार सोबत असू दे. वॉचमनला हे काम देऊ नका, तो मार खाईल. त्यानंतर तीन महिन्यांनी तीच मोजणी, त्याच वेळांना, त्याच तुकड्यांत परत करा. अकराची रांग ओसरली आणि शेजारची गल्ली फुगली नसेल तर योजना चालली. फुगली असेल तर वेळ दोन्हीकडे लावून मागा. काहीच फरक नसेल तर टोइंगची गाडी त्या तासात येत नाही एवढाच अर्थ, आणि त्यासाठी परत आदेश नको, निरीक्षकांकडे तक्ता घेऊन जाणं पुरेसं.

कोर्टात जायचं का, असंही प्रश्नात शेवटी विचारलं आहे. एका गल्लीसाठी जाऊ नका. वर्षं जातात, वकिलाची फी दोनशे सह्यांमध्ये वाटली तरी सही करणारे पैशाच्या वेळी वीस उरतात, आणि शेवटी न्यायालय बहुधा एवढंच सांगतं की संबंधित अधिकाऱ्यांनी अर्जावर कालमर्यादेत निर्णय घ्यावा. कोर्टात न जाता तो निर्णय मागायची जागा उपायुक्तांचं कार्यालय आहे. भेटीची वेळ आधी घ्या, तिघांनीच जा, त्यांतला एक मोटार नसलेला असू द्या, आणि बोलायला लागण्याआधी नकाशा टेबलावर उघडून ठेवा.